विल्मिंग्टन क्विकस्टेप्स : 18 सामन्यांचा संघ

1884 सालच्या एका अमेरिकन बेसबॉल लीगचा गुणतक्ता माझ्यासमोर उघडा आहे. सेंट लुईस, 94 विजय आणि 19 पराभव. सिनसिनाटी 69-36. बोस्टन 58-51. इथवर सगळं सरळ. पुढे मात्र नजर अडखळते. अल्टूना 6-19. मिलवॉकी 8-4. सेंट पॉल 2-6. आणि विल्मिंग्टन 2-16.

म्हणजे एकाच लीगमध्ये, एकाच वर्षी, कुणी 113 सामन्यांचा निकाल लावलाय, कुणी 25, कुणी 18 आणि कुणी अवघे 8. आपण क्रिकेटचे तक्ते बघत वाढलेली माणसं. ‘सामने’ हा रकाना आपण वाचतसुद्धा नाही, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. इथे सगळ्यात बोलका रकाना तोच. एकाच पंगतीत कुणी वरणभातावरच उठून गेलं आणि कुणी थेट ताकभाताला येऊन बसलं, असा प्रकार.

त्यातल्या विल्मिंग्टनच्या 18 सामन्यांची ही गोष्ट. संघाचं नाव क्विकस्टेप्स. क्विकस्टेप म्हणजे लष्करी संचलनातली जलद चाल. आला आणि गेला त्या वेगाकडे बघता नाव चपखलच म्हणायचं.

विल्मिंग्टन हे डेलावेअर या चिमुकल्या राज्यातलं गाव. फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर या दोन मोठ्या शहरांच्या मधल्या रेल्वेमार्गावरचं. जहाजं बांधायची, आगगाडीचे डबे बनवायचे, कातडी कमवायची आणि जवळच्या ब्रँडीवाइन नदीकाठी बंदुकीची दारू तयार करायची, हे इथले उद्योग. 1880 च्या जनगणनेत वस्ती साधारण 42 हजार. त्याच जनगणनेत सेंट लुईसची साडेतीन लाख. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता थोडा हिशेब, कारण ही गोष्ट मैदानापेक्षा गल्ल्यावर जास्त घडते.

1884 साली व्यावसायिक संघाला पैसे कुठून मिळायचे? टीव्ही नाही, रेडिओ नाही, छातीवर कंपनीचं नाव छापायची पद्धत नाही. कमाईचा मुख्य रस्ता एकच, मैदानाच्या दारातली तिकीट खिडकी. खर्च मात्र चहूबाजूंनी. खेळाडूंचे पगार, रेल्वेचं भाडं, हॉटेल, मैदानाचं भाडं. शिवाय घरच्या सामन्याला पाहुणा संघ आला की त्याला ठरलेली किमान रक्कम हातात ठेवायची. प्रेक्षक आले काय, न आले काय, ती द्यावीच लागे.

समजा तिकीट 25 सेंटचं आहे आणि पाहुण्यांची रक्कम 60 डॉलर. 240 माणसं आली तर फक्त पाहुण्यांचं भागतं, आपल्या पोरांसाठी एक दमडी उरत नाही. आता पगार बघा. मोठ्या लीगांनी आपल्या पक्क्या खेळाडूंना हंगामाला किमान 1000 डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. त्या दराने 12 खेळाडू म्हणजे 12,000 डॉलर. 25 सेंटच्या तिकिटाने ही रक्कम उभी करायची तर 48,000 तिकिटं विकावी लागतील. विल्मिंग्टनमध्ये पाळण्यातल्या तान्ह्या बाळासकट प्रत्येकाने एकेक तिकीट काढलं असतं, तरी नुसते पगारसुद्धा निघाले नसते. विल्मिंग्टन एवढे पगार देत होतं असं नाही. पण मोठ्या लीगमध्ये खेळायचं म्हणजे काय उचलावं लागतं, त्याचा अंदाज यावा म्हणून हा हिशेब.

त्यात चांगले खेळाडू मोजके. दोन मालक एकाच खेळाडूमागे लागले की पगार वर चढणार, हे मालकांना फार लवकर कळलं. त्यांनी 1879 साली आपसात एक ठराव केला. प्रत्येक संघाने पाच खेळाडूंची नावं द्यायची आणि त्या पाचांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हाच तो बेसबॉलमधला कुप्रसिद्ध ‘रिझर्व्ह’ नियम. राखीव डब्यावर चिठ्ठी लावतात ना, तशी माणसावर चिठ्ठी.

गंमत अशी की खेळाडूचा करार एकाच वर्षाचा असायचा. वर्ष संपलं की कागदोपत्री माणूस मोकळा. पण दुसरा कुठलाच संघ त्याला घेणार नाही, म्हणजे मोकळा होऊन जाणार कुठे? जुन्याच मालकाकडे, तो देईल त्या पगारावर. 1883 पर्यंत नॅशनल लीग, तिची प्रतिस्पर्धी अमेरिकन असोसिएशन आणि धाकटी नॉर्थवेस्टर्न लीग या तिघांनी मिळून करार केला आणि राखीव नावं पाचावरून अकरावर नेली. संघात माणसं असायची अकरा, बारा, फार तर चौदा. म्हणजे जवळजवळ अख्खा संघ बांधलेला.

या नियमाची किंमत खेळाडूच्या लेखी काय होती, ते प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघात त्याच 1884 साली घडलेल्या प्रकरणावरून कळतं. थोडं विषयांतर होतंय, पण ते सोडवत नाही. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला बोलर समजा. फरक एवढाच की तेव्हा पहिल्यापासून शेवटच्या डावापर्यंत एकटाच टाकायचा, षटक संपलं म्हणून विश्रांती नाही. प्रॉव्हिडन्सकडे असे दोनच भरवशाचे पिचर होते, चार्ली स्वीनी आणि ‘होस’ रॅडबर्न. होस म्हणजे घोडा. जुलैमध्ये स्वीनी भर सामन्यात व्यवस्थापकाशी भांडून मैदान सोडून गेला. संघाने त्याला काढलं आणि तो थेट सेंट लुईसच्या नव्या संघात दाखल झाला. रॅडबर्नही तेव्हा बेशिस्तीबद्दल बाहेर बसवलेला. क्लब बंद करायची भाषा सुरू झाली. तेव्हा रॅडबर्न म्हणाला, उरलेला हंगाम मी ओढतो, पण पगार वाढवा आणि पुढच्या वर्षीच्या राखीव यादीतून माझं नाव काढा.

त्याने तो ओढलाही. त्या एका हंगामात त्याच्या नावावर 59 विजय आहेत, काही जुन्या नोंदींत 60. खांदा इतका दुखायचा म्हणे की केस विंचरायलाही हात वर जात नसे. एवढी हाडं झिजवायची तयारी दाखवून माणसाने मागितलं काय, तर वर्ष संपल्यावर आपण कुणाचे नसू एवढा शब्द. आणि शब्द मिळाल्यावर पुढच्या वर्षी तो प्रॉव्हिडन्सकडेच खेळला, ही आणखी वेगळी गंमत.

स्वीनी ज्या ‘नव्या संघात’ गेला, तिथून विल्मिंग्टनकडे वाट जाते.

सेंट लुईसमध्ये हेन्री लुकस नावाचा तरुण होता. मोठ्या जमीनदार घराण्यातला वारस आणि बेसबॉलचा वेडा. राखीव नियम अन्यायाचा आहे असं त्याचं मत. सप्टेंबर 1883 मध्ये पिट्सबर्गला काही मंडळी जमली आणि तिसरी मोठी लीग जन्माला आली, युनियन असोसिएशन. थोड्याच दिवसांत 26 वर्षांचा लुकस तिचा सर्वेसर्वा झाला. नावातल्या ‘युनियन’वरून कामगार संघटनेचा भास होतो, तो खरा नाही. ही मालकांचीच लीग होती. पण तिने जाहीर केलं की आम्ही कुणालाही राखीव ठेवणार नाही. करार संपला की माणूस मोकळा.

जुन्या लीगांनी दोन चाली खेळल्या. पहिली धमकीची. तिकडे जाल तर काळ्या यादीत जाल, परत इकडचं दार बंद. दुसरी चाल जास्त धूर्त. अमेरिकन असोसिएशनने आपले आठ संघ एकदम बारा केले, म्हणजे मोकळी शहरं आणि मोकळे खेळाडू लुकसच्या हाती लागायला नकोत. 1883 साली मोठ्या लीगांचे संघ होते 16. 1884 च्या सुरुवातीला झाले 28. मिठाईवाल्याने एका वर्षात दुकानं जवळपास दुप्पट केली, पण दूध तेवढंच. बासुंदी पातळ होणारच.

लुकसने बासुंदीची साय मात्र स्वतःच्या वाटीत काढून घेतली. लीगचा अध्यक्ष तोच आणि सेंट लुईस मरून्सचा मालकही तोच. क्लीव्हलँडचा नामी खेळाडू फ्रेड डनलॅप त्याने भरपूर पैसे मोजून आणला. डनलॅपची त्या वर्षीची बॅटिंग सरासरी .412. (बेसबॉलची सरासरी म्हणजे धावा भागिले बाद नव्हे. हजार प्रयत्नांत किती वेळा चेंडू नीट मारून पहिला बेस गाठला, तो आकडा. .300 म्हणजे उत्तम, .400 म्हणजे दंतकथा.) सेंट लुईसने पहिले 20 सामने ओळीने जिंकले. मे महिना सरायच्या आतच अजिंक्यपद कुणाचं हे शेंबड्या पोरालाही कळलं असेल. आणि निकाल माहीत असलेला सामना बघायला पैसे कोण मोजणार?

पहिला बळी पडला अल्टूनाचा. पेनसिल्वेनियातलं हे रेल्वे कारखान्यांचं गाव, वस्ती जेमतेम 20 हजार. मोठ्या लीगमध्ये ते शिरलंच कसं, हा प्रश्न तेव्हाही पडला असणार. 25 सामने खेळून मेअखेरीस संघ बंद. जागा भरली कॅन्सस सिटीने, आणि तेही 16-63 अशा अवस्थेत हंगाम संपवून. ऑगस्टच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाचा संघ बुडाला. वेळापत्रकाला भोक पडलं आणि लुकसच्या लीगला पूर्वेकडचा, रेल्वेमार्गावरचा, तयार संघ तातडीने हवा होता.

विल्मिंग्टन तेव्हा काय करत होतं? धाकट्या ईस्टर्न लीगमध्ये धुमाकूळ घालत होतं. पन्नासच्या आसपास विजय आणि जेमतेम डझनभर पराभव. या लीगमध्ये ट्रेंटन, न्यूअर्क, ॲलनटाउन, रेडिंग अशी बेताची गावं. व्यवस्थापक होता जो सिमन्स, 1871 साली शिकागोकडून खेळलेला जुना गडी. पिचर एडवर्ड नोलन, टोपणनाव ‘द ओन्ली’, म्हणजे एकमेवाद्वितीय. कधीकाळी इंडियानापोलिसकडून गाजलेला, मग बेशिस्तीपायी काळ्या यादीतही जाऊन आलेला. आणखी एक पिचर डॅन केसी, त्याचा भाऊ डेनिस केसी हा तडाखेबंद फलंदाज, आणि ‘ऑयस्टर’ बर्न्स. ऑयस्टर म्हणजे कालवं. हंगाम नसताना हा गडी कालवं विकायचा, त्यावरून नाव पडलेलं.

एवढा चांगला संघ असण्याचा तोटा सेंट लुईसला होता तोच. एकतर्फी सामन्यांना गर्दी होत नाही. घरच्या गल्ल्यात खडखडाट, आणि अशात मोठ्या लीगचं आमंत्रण. सेंट लुईस, शिकागो, बोस्टन यांच्याशी खेळायचं! ‘हो’ म्हणण्याचा मोह मला समजतो. त्याच ऑगस्टमध्ये त्याच ईस्टर्न लीगमधून रिचमंडचा संघ उठून अमेरिकन असोसिएशनमध्ये गेला होता. तोही तिथे 12-30 असा आपटला, पण ते नंतर.

सिमन्स आणि मंडळींच्या हातून एक गोष्ट निसटली, किंवा त्यांनी डोळ्याआड केली. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची किल्ली तीच आहे.

ईस्टर्न लीग ही जुन्या लीगांच्या करारात सामील होती. म्हणजे विल्मिंग्टनचे खेळाडू मोठ्या संघांनी पळवायचे नाहीत, हा शब्द विल्मिंग्टनलाही लागू होता. राखीव नियम आणि त्याच्याभोवतीचा तो करार खेळाडूच्या पायातली बेडी होता, यात वाद नाही. पण तेच छोट्या गावाच्या संघाभोवतीचं कुंपणही होतं. युनियन असोसिएशनमध्ये पाऊल ठेवताक्षणी विल्मिंग्टन कुंपणाबाहेर आलं. आता त्याचे खेळाडू म्हणजे रस्त्यावरचं चिंचेचं झाड. ज्याच्या हाताला लागेल त्याने तोडावं.

18 ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये विल्मिंग्टनने मोठ्या लीगमधला आपला पहिला सामना खेळला आणि 4-3 असा जिंकला. पदार्पणात विजय, तोही परक्या मैदानावर. डेनिस केसी आणि ऑयस्टर बर्न्स संघाकडून खेळले आणखी फक्त एक सामना. मग दोघेही अमेरिकन असोसिएशनच्या बाल्टिमोर ओरिओल्समध्ये निघून गेले, अर्थात जास्त पगारावर. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या लीगने ‘माणूस मोकळा आहे’ असा पुकारा केला, तिच्याच संघातून ते मोकळे झाले.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. उरलेल्या 16 सामन्यांत नव्या संघाला आणखी एकच विजय मिळाला. संघाची एकत्रित बॅटिंग सरासरी .175, म्हणजे साधारण सहा प्रयत्नांत एक. नोलन ‘एकमेव’ राहिला तो या अर्थाने की नाव असलेला तोच मागे उरला होता. त्याच्या वाट्याला एक विजय आणि चार पराभव आले. भरतीचे खेळाडू येत होते, दोन-चार सामने खेळून जात होते. हरणाऱ्या संघाला गाव बघत नाही. आधी सतत जिंकतात म्हणून येत नव्हतं, आता सतत हरतात म्हणून येईना.

सप्टेंबरच्या मध्यावर कॅन्सस सिटीचा संघ विल्मिंग्टनला आला. घरचं मैदान, युनियन स्ट्रीटवरचं. पाहुणे तयार. सिमन्सने बाकांकडे पाहिलं तर प्रेक्षक कमी आहेत असं नव्हे, प्रेक्षक नव्हतेच. सामना खेळला असता तर पाहुण्यांची किमान रक्कम द्यावी लागली असती, आणि गल्ल्यात एक तिकीटही फाटलेलं नाही. त्याने आपल्या खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावलं आणि सामना सोडून दिला. संघही तिथेच संपला. पहिल्या सामन्यापासून महिनाही धड झाला नव्हता.

मला या प्रसंगात सिमन्सचा व्यवहारीपणा आवडतो. रडारड नाही, भाषण नाही. आकडा बघितला आणि दुकान बंद केलं.

तोवर शिकागोचा संघ आधी पिट्सबर्गला हलला आणि मग तोही बुडाला. वेळापत्रक पुरं करायला नॉर्थवेस्टर्न लीगमधून दोन संघ आयात केले, मिलवॉकी आणि सेंट पॉल. मिलवॉकीने 12 सामन्यांत 8 जिंकून सगळ्यांची जराशी लाज काढली. सेंट पॉलने नऊ सामने खेळले (एक बरोबरीत), पण आपल्या गावात एकही नाही. सेंट पॉलच्या लोकांना आपला ‘मोठ्या लीगचा’ संघ कधी दिसलाच नाही. विल्मिंग्टनचे 18 सामने त्यामानाने दीर्घायुष्यच.

जानेवारी 1885 मध्ये मिलवॉकीला लीगची सभा भरली. प्रतिनिधी आले दोनच संघांचे, मिलवॉकी आणि कॅन्सस सिटी. सर्वेसर्वा लुकस स्वतःच आला नाही, कारण त्याने नॅशनल लीगशी तह करून आपला सेंट लुईस संघ तिकडे नेला होता. राखीव नियमासकट. ज्याच्या विरोधात दुकान थाटलं, त्याच पेढीवर जाऊन बसला. पळून आलेल्या खेळाडूंना दंड भरून माफी मिळाली. नॅशनल लीगमध्ये मरून्सने पहिल्याच वर्षी 36-72 असा तळ गाठला. डनलॅपची .412 ची सरासरी .270 च्या घरात आली. आणखी एका हंगामानंतर सेंट लुईसमधला तो संघही संपला आणि लुकसच्या वारशातला मोठा वाटा त्याबरोबर गेला. राखीव नियम मात्र पुढे जवळजवळ नव्वद वर्षं, 1975 पर्यंत, टिकून राहिला.

डनलॅपच्या त्या घसरणीवरून अभ्यासकांत अजून वाद चालतो. युनियन असोसिएशनला ‘मेजर लीग’ म्हणायचं तरी का? एका वर्षात .412 वरून .270 वर यायला माणूस म्हातारा झालेला नाही, त्याअर्थी समोरची गोलंदाजीच कच्ची होती, असा तर्क. माझंही मत त्याच बाजूला झुकतं. पण 1968 साली जुन्या नोंदी लावायला नेमलेल्या समितीने या लीगला मेजर दर्जा दिला. 1871 ते 1875 ची नॅशनल असोसिएशन, म्हणजे पहिली व्यावसायिक लीग, तिचं वेळापत्रक विस्कळीत होतं म्हणून तिला मात्र तो नाकारला. विस्कळीतपणाचाच निकष लावायचा, तर सेंट पॉल आणि विल्मिंग्टनवाल्या लीगला कसं उत्तीर्ण केलं, हे मला काही उमजलेलं नाही.

त्या शिक्क्यामुळे हे 18 सामने खेळलेले सगळे कायमचे मेजर लीग खेळाडू ठरले. बर्न्स पुढे ब्रुकलिनचा आधारस्तंभ झाला. डॅन केसीने 1887 मध्ये फिलाडेल्फियासाठी 28 सामने जिंकले आणि म्हातारपणी तो सांगत सुटला की अमेरिकेत पोरासोरांना पाठ असलेल्या त्या विनोदी बेसबॉल कवितेतला हरलेला केसी म्हणजे मीच. नोलन पॅटरसन या आपल्या गावी पोलीस झाला.

आणि डेलावेअरला मेजर लीगचा एकमेव संघ मिळाला, असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. मग डिसेंबर 2020 मध्ये मेजर लीग बेसबॉलने कृष्णवर्णीयांच्या 1920 ते 1948 मधल्या सात लीगांनाही तोच दर्जा दिला. त्यांतल्या ईस्टर्न कलर्ड लीगमधला एक संघ, पोटोमॅक्स, 1925 साली वॉशिंग्टनहून विल्मिंग्टनला आला होता. म्हणजे गावाच्या खात्यावर आता दोन मेजर लीग संघ जमा आहेत. हा दुसरासुद्धा हंगाम पुरा करू शकला नाही. तो जुलैतच बंद पडला.